धुक्यातलं एक्केचाळिसावं घर

ओळखीचे लोक तिला ड्रायव्हरबाई म्हणायचे आणि बाकीच्यांना वाटायचं, ही ट्रक चालवत असणार. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने तर एकदा, घरसामान हलवायचंय, टेम्पो घेऊन याल का, असं अगदी अदबीने विचारलं होतं. तिला साधी सायकल धड येत नव्हती.

दिवसभर ती एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या अरुंद खोलीत, काचा घासायची. चिठ्ठीवरचा नंबर बघायचा, काच यंत्राला लावायची, फ्रेमच्या मापाने कड उतरवायची, दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून पारखायची. केसाएवढा फरक पडला तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत येतं. बावीस वर्षांत तिच्या हातच्या काचा परत आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

ड्रायव्हरबाई हे नाव पडलं ते संध्याकाळच्या उद्योगामुळे. तिच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर आधीपासून असलेली सिस्टिम एक दिवस आडवी पडली ती उठेना, म्हणून तिने लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघितली. कॉम्प्युटर चालला, पण त्यावर गेम चालेना. तीन संध्याकाळी मान मोडून बसली तेव्हा कळलं की ग्राफिक्स कार्ड आणि गेम यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा जो ड्रायव्हर असतो, तोच चुकीचा बसलाय. तो बदलला आणि पडद्यावर डोंगर, नदी, आभाळ असं सगळं एकदम उघडलं. त्या दिवशी तिला जो नाद लागला तो लागलाच. पुढे गेम खेळण्यापेक्षा तो का चालत नाही हे शोधण्यातच तिला जास्त गोडी वाटू लागली. लिनक्सच्या एवढ्या तऱ्हा, प्रत्येकीचं दुखणं वेगळं. इंटरनेटवर अशा दुखण्यांचा एक कट्टा होता. तिथे कोणी 'आवाज येतोय, चित्र येत नाही' म्हणून गळा काढला की तिचं उत्तर ठरलेलं: "आधी लॉग द्या, मग रडा."

घरात ती आणि तिचे बाबा. बाबा निवृत्त मोजणीदार. उभ्या आयुष्यात साखळी, खुंट्या आणि नकाशाचा कागद घेऊन माळरानं पालथी घातलेला माणूस. गेली तीन वर्षं त्यांची आठवण विरत विरत चालली होती. आधी नावं गेली, मग वार, मग चमचा कसा धरायचा ते. आता ते बहुतेक वेळ पाठीत वाकून पलंगाच्या कडेला बसलेले असायचे. बोलणं दिवसाला दोन-चार शब्द. दिवसा त्यांची देखभाल करायला एक मावशी येत. संध्याकाळी लेक कॉम्प्युटरसमोर बसली की बाबा तिच्या मागे, पलंगावर, तिच्या पाठीकडे तोंड करून बसून राहत. ते बघतात की नुसते डोळे उघडे ठेवतात, हे तिला कधी कळलं नव्हतं.

तो आठवडा सुरू झाला एका अपडेटने. रविवारी तिने लिनक्सची नवी आवृत्ती टाकली. तिच्याबरोबर नवा ड्रायव्हर आला. तपासायला तिचा एक ठरलेला गेम होता. एक ओसाड गाव, सगळीकडे धुकं, आणि त्यात फिरणारा एकटा माणूस. शत्रू नाही, बंदूक नाही, फक्त फिरायचं आणि गावातली माणसं कुठे गेली ते शोधायचं. तिने तो दोनदा पुरा केला होता. वीट न वीट पाठ, त्यामुळे ड्रायव्हरने जरा जरी गडबड केली तरी तिला कळायची. रविवारी तिने त्या माणसाला विहिरीपाशी उभं केलं, गेम तसाच चालू ठेवून पडदा कुलूपबंद केला आणि ती झोपली.

सोमवारी संध्याकाळी पडदा उघडला तर माणूस विहिरीपाशी नव्हता. गावाच्या उत्तर टोकाला, एका रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा होता.

आपलंच काहीतरी विसरायला झालं असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं. त्याला पुन्हा विहिरीपाशी आणून ठेवलं आणि खात्रीसाठी विहिरीचा फोटोही काढला. मंगळवारी माणूस परत उत्तरेला. तीच रिकामी जागा, पुन्हा तिकडेच तोंड. गेमची नोंद बिघडली असणार, तिने स्वतःला समजावलं.

बुधवारी भिंतीवर आकडे आले.

गावाच्या मधल्या चौकात एक पांढरी भिंत होती. तिथे दगडांच्या चित्राऐवजी तुटक, थरथरत्या रेघा उमटल्या होत्या, कोणीतरी डाव्या हाताने काढल्यासारख्या. एक बाण वर गेलेला. बाणाशेजारी आकडे. ३७. त्याखाली ३८. तिने खुर्ची मागे सरकवली. गेम बनवणारे तिघं कुठल्यातरी थंड देशातले. त्यांना ही लिपी असते हेसुद्धा माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि ३ चा तो शेपटीला दिलेला लांब हिसका... तो तिने कुठेतरी पाहिला होता. कुठे ते आठवेना.

तिने फोटो कट्ट्यावर टाकला. तिथे सुतार या नावाने लिहिणारा एकजण होता. पेशानेही सुतारच, पण ड्रायव्हरांच्या बाबतीत तिच्या तोडीचा. त्याने लगेच फोन केला.

"ताई, घाबरू नका, भूतबित नाही. कार्डाची मेमरी पुसली जात नाहीये. आधी पडद्यावर जे काही होतं त्याचे तुकडे मेमरीत उरतात, आणि गेम ते उचलून भिंतीला चिकटवतो. माझ्याकडे एकदा कपाटाचं डिझाइन आभाळात तरंगत होतं."

"म्हणजे हे आकडे माझ्याच पडद्यावर होते?"

"तुमच्याच. आजच्या दिवसात. कोणी काढले ते मात्र तुम्ही बघायचं."

समजूत घालायला केलेल्या त्या फोनने तिची झोप उडवली. भूत असतं तर परवडलं असतं.

सकाळी तिने मावशींना विचारलं. "माझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावतं का?"

"मी? देवाशपथ नाही, ताई. मला तो चालू आहे की बंद हेच कळत नाही."

"दिवसा कोणी येतं घरी?"

"चिटपाखरू येत नाही. अकराला यांना झोपवते, दार लोटते आणि स्वयंपाकाला लागते. साडेबाराला उठवते. तोवर हूं नाही की चूं नाही."

मग तिने तेच केलं जे ती इतरांना करायला लावायची. लॉग, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो ती वेळेवारची नोंद, उघडला. सोमवार, अकरा वाजून सहा मिनिटं, पडदा उघडला. बारा एकवीसला बंद. मंगळवार, अकरा चार. बुधवार, अकरा पाच. आणि पासवर्ड तिन्ही दिवस पहिल्याच फटक्यात बरोबर. बारा अक्षरांचा तो पासवर्ड तिने कोणाला सांगितला नव्हता, कुठे लिहिला नव्हता. तिचं स्वतःचं बोट पाचात एकदा तरी चुकायचंच.

गुरुवारी तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. अकराच्या सुमारास किल्लीने दार उघडून, चपला हातात घेऊन ती आत आली. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, मावशी पाठमोऱ्या. खिडकीतून स्वच्छ ऊन पडलेलं. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं, मध्ये चार बोटं फट.

पलंग रिकामा होता.

बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. ताठ. तीन वर्षांत तिने त्यांची पाठ सरळ पाहिली नव्हती, ती आता काठीसारखी सरळ होती. त्यांची बोटं कळफलकावर उतरली आणि तिचा पासवर्ड तिच्याच लयीत, तिच्यासारखाच मधे एक थांबा घेत, टाइप झाला. संध्याकाळ-संध्याकाळ मागे बसून ते काय बघत होते ते आता तिला कळलं. चमचा विसरलेल्या त्या हाताने हे उचललं होतं.

गेममधला माणूस चालू लागला. बाबांचे ओठ हलत होते, ते पावलं मोजत होते. एका घराच्या कोपऱ्यापाशी थांबायचे, चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडायचे, माऊसने थरथरती रेघ ओढायचे, आकडा घालायचे आणि पुन्हा गावात परतायचे. रोज कोऱ्या पानापासून सुरुवात, कारण जपून ठेवायचं त्यांना सुचत नसावं. ३ ला शेपूट ओढताना मनगट हिसकलं, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे माळ्यावरच्या त्यांच्या जुन्या वह्या आल्या.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे, पायांना मुंग्या आल्या. माणूस उत्तरेच्या त्या रिकाम्या जागेपाशी पोचला आणि थांबला. बाबांचं बोट कळीवर दाबलेलंच होतं, पण माणूस पुढे जाईना. समोर नुसतं धुकं, वाट मोकळी, तरी पाऊल पडेना.

"धुक्यात उभी राहू नकोस," बाबा मागे न बघता म्हणाले. "टोक धर."

तिने फटीतूनच विचारलं, "कसलं टोक, बाबा?"

"साखळीचं. इथे घर आहे. दिसत नाही, पण आहे. पाय अडतो बघ."

ती हळूच आत गेली, त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. "किती झाली मोजून?"

"चाळीस. एक कमी." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मागच्या वेळीही एकच कमी होतं."

"मागच्या वेळी कुठे?"

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत कोणीतरी हजर होतं. मग ते गेलं, पाठ पुन्हा वाकली आणि ते म्हणाले, "चहा झाला का?"

त्या संध्याकाळी तिने सुताराला त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच गेममध्ये, गावातली घरं मोजायला सांगितली. त्याचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा. अर्ध्या तासाने त्याचा निरोप आला: एक्केचाळीस. शेवटचं उत्तरेला, हिरव्या दाराचं. तिला आठवलं, हिरव्या दाराचं घर होतंच की तिथे. आपण वीट न वीट पाठ असल्याच्या तोऱ्यात चार दिवस त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो आणि तिथे काय नाही ते आपल्याला दिसलं नाही. मोजणीदाराला दिसलं होतं. नवा ड्रायव्हर दाट धुक्याआडचं ते घर 'दिसतच नाही' असं धरून काढायचंच सोडून देत होता.

मग तिने आत्याला फोन लावला. बाबांची ही धाकटी बहीण. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "आत्या, बाबांनी कधी मोजणीत एखादं घर सोडलं होतं का?"

पलीकडे आत्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुला कोणी सांगितलं?" आत्या म्हणाली. "त्याने तर माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. एक गाव धरणाखाली जाणार होतं. कुठली घरं उठवायची ती यादी याने करायची होती. शेवटच्या दिवशी धुकं पडलं. साखळी धरणारा म्हणाला, तिकडे पुढे काही नाही, चला. हा परत फिरला. पाणी अडवल्यावर पंधरा दिवसांनी कोणीतरी याला म्हणालं, टेकडीमागे एक घर होतं ना हो? त्यांना कोणी कळवलंच नाही."

"आणि ते लोक?"

"ते कोणालाच माहीत नाही, बाळा. निघाले असतील आपले आपण. नसतीलही. हा आठ दिवस जेवला नव्हता."

पुढचे चार दिवस तिने बिघाडाचा माग काढला. जुना ड्रायव्हर धड, नवा बिघडलेला, मध्ये अडीच हजार बदल. बरोबर मधला उचलायचा, तिथवरचा ड्रायव्हर बांधायचा, घर दिसतं का बघायचं. दिसलं तर पुढच्या अर्ध्यात, नाही दिसलं तर मागच्या. बारा वेळा असं अर्धं करत ती एका बदलापाशी पोचली. सात ओळींचा बदल. भिंतीवरचे आकडे आणि गायब घर, दोन्ही पापं त्याचीच.

बाबांना मात्र तिने अडवलं नाही. मावशींना सगळं सांगितलं आणि अकराला त्यांना हवं ते करू द्या म्हणाली. तिसऱ्या दिवशी मावशी दारातच तिची वाट बघत उभ्या होत्या, तोंड उतरलेलं.

"ताई, मी त्या खोलीत एकटी थांबणार नाही. आज ते मला म्हणाले, जा, लोकांना सांगून ये, पाणी चढतंय. मी म्हटलं कुठल्या लोकांना? तर म्हणाले, तेच तर सापडत नाहीयेत."

तिने बिघाडाचा अहवाल ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पाठवला. दूरदेशीच्या एका बाईने दोन दिवसांत दुरुस्ती धाडली आणि विचारलं, शोधणाऱ्याचं नाव काय लिहू? तिने बाबांचं पूर्ण नाव कळवलं.

दुरुस्ती हातात आली, पण ती टाकायला तिचा हात धजेना. सुतार म्हणाला, "टाकू नका. घर दिसल्यावर त्यांना काय आठवेल, कोणी सांगावं?" आत्या म्हणाली, "टाक. निदान एकदा तरी त्याची मोजणी पुरी होऊ दे." मावशी म्हणाल्या, कॉम्प्युटरच विकून टाका. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी टाकली.

त्या दिवशी ती घरीच थांबली. अकरा वाजून पाच मिनिटांनी बाबा उठले, चालत टेबलापाशी आले, बसले. तिने खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली. आज ते वाटेत कुठे थांबले नाहीत, एकही रेघ ओढली नाही. सरळ उत्तरेला निघाले. धुकं बाजूला झालं आणि घर समोर आलं. उतरतं छप्पर, हिरवं दार, बाजूला एक खिडकी.

बाबांनी कळीवरचं बोट उचललं. ते बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी बोटांच्या पेरांनी पडद्याच्या काचेवर, दारावर, टकटक केली. तीनदा.

"दिवा आहे," ते म्हणाले.

ती खिडकी तिला पाठ होती. त्या गावातली एकही खिडकी उजळत नाही, सगळ्या काळ्या रंगवलेल्या. तिने निरखून बघितलं. काळीच होती.

"आहेत आत," बाबा म्हणाले. मग दाराकडे तोंड करून, तिने कधी न ऐकलेल्या तरुण, अधिकाराच्या आवाजात: "अहो, पाणी येतंय. सामान राहू द्या. मुलांना घ्या आणि चला माझ्यामागे."

ते थांबले. आतली माणसं पायात काहीतरी घालून बाहेर येईपर्यंत थांबावं, तेवढं थांबले. मग गेममधल्या माणसाला वळवून ते दक्षिणेच्या रस्त्याला लागले. नेहमीच्या वेगाने नाही, अगदी सावकाश. पंधरा-वीस पावलांवर थांबायचे, मागे वळून बघायचे, पुन्हा चालायचे. चौक ओलांडला, विहीर मागे पडली, खडीचा रस्ता सुरू झाला.

खडीवर पावलांचा आवाज येऊ लागला. करकर, करकर. तिने कान दिले. गेममध्ये एकच माणूस आहे, पावलं एकाचीच वाजतात. पण तिला ऐकू येत होती ती एकाची नव्हती. मागून येणारी होती, हलकी, जड, मधूनच पळणारी. आवाजाच्या ड्रायव्हरचं असं होतं कधीकधी, मागचे आवाज रेंगाळतात, एकावर एक चढतात. हे तिला माहीत होतं, दहा जणांना तिने ते समजावून सांगितलं होतं. तरी तिने बाबांच्या खुर्चीचा हात घट्ट धरला आणि पडद्याच्या कडेला, जिथे माणसाची पाठ संपते तिथे, बघायचं टाळलं.

रस्ता जिथे धुक्यात संपतो आणि गेम पुढे जाऊ देत नाही, तिथे बाबा थांबले. वाटेच्या कडेला होऊन उभे राहिले. त्यांच्या बाजूने कोणी जावं आणि त्यांनी मोजावं, तसे ओठ हलले.

"एक. दोन. तीन. हे धाकटं. पाच." मग त्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "झालं."

खडीचा आवाज त्याआधीच बंद झाला होता की त्यानंतर, हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

बाबा त्यानंतर सात महिने होते. त्या टेबलाकडे ते परत गेले नाहीत, अकराला पडले की साडेबारापर्यंत खरोखर झोपायचे. एकदा तिने मुद्दाम गेम लावून त्यांना समोर बसवलं, तर माऊस हातात घेऊन, हे काय आहे, अशा नजरेने ते तिच्याकडे बघत राहिले. ते गेले तेही दुपारच्या झोपेतच. मावशी म्हणाल्या, चेहरा अगदी निवांत होता, काम आटोपून आडव्या झालेल्या माणसासारखा.

ड्रायव्हरबाई अजून काचा घासते, संध्याकाळी कट्ट्यावर लोकांची दुखणी बघते. तपासायला आता तिने दुसरा गेम धरलाय, मोटारींचा, भरपूर उन्हाचा. सुताराला तिने त्या पावलांबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आवाजाचा साठा अडकला असेल, आणि ती म्हणाली, तसंच असेल. आत्याने मध्यंतरी एकदा, ते धरण नेमकं कुठलं हे सांगायला सुरुवात केली होती. तिने तिला मधेच थांबवलं आणि विचारलं, गुडघा कसा आहे.